सड्यावर करवंदाची वई

आमचं घर पेडणे तालुक्यात, सड्याच्या पायथ्याला. मागच्या दारातून बाहेर पडलं की चढण, चढणीवर दहा-बारा काजू, आणि वर काळा सपाट कातळ. लग्न होऊन आले त्या वर्षापासून दसरा उलटला की घरात एकच विषय निघायचा, तो म्हणजे वई, काट्याकुट्यांचं कुंपण. मेढी पुरायच्या, कांट्याच्या फांद्या आणायच्या, आडव्या चिव्या बांधायच्या. दोन गडी, दोन दिवस. पुढच्या पावसात वाळवी ते सगळं खाऊन मोकळी, आणि काजूच्या बुडात पुन्हा लोकांची गुरं.

माझ्या सासूला आम्ही मांय म्हणायचो. तिनं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "कांटां लाय गो. खडपाक आनी कितें जाय?" कांटां म्हणजे करवंदं, खडप म्हणजे कातळ; करवंदं लाव, कातळाला आणखी काय हवं, असं तिचं म्हणणं. तेव्हा मला वाटलं, रानात फुकट उगवणारी गोष्ट लावायची कसली? पुढं वीस वर्षांनी लावायला घेतली, आणि पहिल्या खेपेला पंचवीसपैकी एकवीस रोपं मारली. म्हणून आधी ती कशी मेली ते सांगते. काय करायचं ते त्यातूनच कळेल.

मी ती फार मायेनं लावली होती. कातळात पारयीनं, म्हणजे पहारीनं, दीड-दीड फुटाचे खड्डे मारून घेतले, त्यात लाल माती आणि घमेलं-घमेलं शेणखत भरलं, मिरगाच्या पहिल्या सरीला रोपं लावली. जुलैत पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून आणखी शेणखत घातलं. ऑगस्टमध्ये एक रोप सहज हलवलं तर ते हातात आलं. मुळं काळी, बोटानं चोळली की साल सुटत होती. खड्ड्यात हात घातला तर आत चिखल आणि गार पाणी. अखंड कातळात मारलेला खड्डा म्हणजे हौदी. तिला बुडाला वाट नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत माझी रोपं पाण्यात उभी होती. जी चार जगली ती गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, बाहेरच्या अंगाला होती. तिथे खड्डा नीट झाला नव्हता म्हणून मी ती तशीच दोन चिऱ्यांच्या फटीत कोंबली होती. शेणखतही तिथवर पोचलं नव्हतं.

करवंद उन्हाला भीत नाही. आठ महिने थेंब नसला तरी त्याची पानं तशीच हिरवी, जाड आणि चकचकीत राहतात. भर मे महिन्यात सडा वाळून पिवळा झालेला असतो आणि करवंदाच्या जाळ्या तेवढ्या गडद दिसतात. त्याला सोसत नाही ते मुळाशी साठलेलं पाणी. त्यामुळे खताच्या आधी जागा.

जागा उन्हाळ्यात बघायला जाऊ नका, तेव्हा सगळा कातळ सारखाच दिसतो. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांचं, सामान आणायला सड्यावर जाल ना, कांगलां आणि घागऱ्यो शोधायला, तेव्हा खाली बघत चाला. जिथे सीतेची आसवं फुलली आहेत, ती इवली निळी-जांभळी फुलं, तिथे पातळ माती आणि वर साचलेलं पाणी असतं. गेंदाची पांढरी बोंडं दिसली तरी तेच. ती जागा त्यांची, तिथे करवंद लावू नका. उलट जिथे कातळाची कड तुटून उतार सुरू होतो, जिथे भेगेत आधीच एखादं रानमोडीचं नाहीतर कुड्याचं झुडूप घुसलं आहे, गडग्याच्या बाहेरची बाजू, जुन्या चिरेखाणीचा काठ, या जागा खुणेच्या. मी चुन्याच्या पाण्यात फडका बुडवून दगडांवर ठिपके देत गेले. पावसानं निम्मे धुऊन टाकले, निम्मे पुरले.

खड्डा मारलाच, तर त्याची एक परीक्षा आहे. संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओता. सकाळी खड्डा कोरडा असेल तर ठीक. पाणी तसंच असेल तर उताराच्या बाजूनं पारयीनं कड फोडून पाण्याला वाट करून द्या. वाट होत नसेल तर तो खड्डा सोडून द्या आणि दोन हात पलीकडे बघा. वई सरळ रेषेतच हवी असं काही नाही. आमची तीन ठिकाणी वाकडी गेली आहे, आणि गुरांनी अजून तक्रार केलेली नाही.

आता बी. करवंदाची रोपं बियांपासूनच करतात, आणि बी ताजं लागतं. हा दुसरा धडा. दुसऱ्या वर्षी मी मे महिन्यात बिया काढल्या, धुतल्या, नीट वाळवल्या आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून ठेवल्या, म्हटलं पुढच्या वर्षी सावकाश लावू. पुढच्या वर्षी शंभर पेरल्या, सात उगवल्या. बी जुनं झालं की दम संपतो. फळ खाल्लं त्याच आठवड्यात बी मातीत गेलं पाहिजे.

कुठल्या झाडाचं बी, हेही आधी ठरवा. रानातल्या प्रत्येक जाळीची चव वेगळी असते. एक जाळी साखर, तिच्या शेजारचीच तोंड वाकडं करणारी. एप्रिल अखेरीला पोरांना घेऊन सड्यावर जा, तेच खरे जाणकार. आमची पोरं करवंद दातानं अर्धं करून कोंबडा की कोंबडी ते बघायची, आत लाल असेल तर कोंबडा, पांढरट असेल तर कोंबडी. बी घेताना त्या खेळाचा काही उपयोग नाही, पण त्या निमित्तानं शंभर जाळ्यांची चव घेतली जाते. जी गोड आणि जिचं फळ टपोरं, तिला एक चिंधी बांधा. मी लाल चिंधी बांधली होती, तर कोणीतरी देवाची म्हणून तिथे नारळ ठेवून गेलं. त्या जाळीला आता आमच्या वाड्यावर कोणी कोयता लावत नाही.

फळं पूर्ण काळी, हाताला मऊ लागणारी घ्या. कच्च्या फळात चीक जास्त असतो. पितळेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्या, प्लास्टिकला पडलेला डाग जन्मभर जात नाही. बोटांनी फळ दाबलं की जांभळा गर आणि आत चपट्या, तपकिरी बिया, एका फळात दोन-चार, कधी जास्त. बियांवर बुळबुळीत गर चिकटलेला असतो, नुसत्या पाण्यानं तो निघत नाही. मूठभर बारीक रेती टाकून तळहातावर चोळायच्या, चाळणीत धुवायच्या, पुन्हा चोळायच्या. पाण्यावर तरंगतात त्या फेकून द्यायच्या. मग जुन्या वर्तमानपत्रावर सावलीत एक रात्र. उन्हात नाही. दुसऱ्या दिवशी पेरायच्या. हाताला लागलेला चीक साबणानं निघत नाही, खोबरेल तेल चोळा, मग साबण. तोच हात डोळ्याला लावू नका, फार चुरचुरतं.

पिशव्या पाच बाय सात इंचांच्या पुरतात, पण बुडाला भोकं आहेत का ते बघून घ्या. माझं मिश्रण असं: दोन घमेली लाल माती, एक रेती, अर्धं जुनं कुजलेलं शेणखत. ताजं शेण घालू नका. पिशवीत दोन बिया, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल. वर पाचोळ्याचा पातळ थर. पंधरा-वीस दिवसांत दोन पानांचं डोकं वर येतं. पाऊस सुरू झाला की पिशव्या वळचणीखाली घ्या, नाहीतर पागोळ्यांनी माती उडून बी उघडं पडतं. दोन्ही उगवली तर एक कापा, उपटू नका, दुसऱ्याची मुळं हलतात.

इथून पुढे वर्षभर काही घडत नाही. खरंच नाही. डिसेंबरात रोप वीतभरही नसतं. माझ्या जावेनं विचारलं होतं, "हीं मेल्लीं काय जिवीं?" जिवंत असतात. वर नाही, खाली वाढत असतात. म्हणून रानातलं लहान रोप उपटून आणून लावायचा उद्योग करू नका. वर वीतभर दिसलं तरी खालचं सोटमूळ कातळाच्या भेगेत कुठवर गेलेलं असतं, ते तुटलं की खेळ खलास.

फांदीचे तुकडे लावून बघितले. चीक गळतो, टोक सुकतं, महिनाभर हिरवं राहून फसवतं आणि मग काळं पडतं. गुटी, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून तिथे मुळं फुटायला बांधलेला ओला गोळा, पावसाळ्यात बांधली होती, सहापैकी एक लागली. ज्यांचा हात चांगला आहे त्यांनी करावी. वईसाठी शंभर रोपं लागतात, तेवढ्या गुट्या कोण बांधणार?

विकतची रोपं घ्यायची असतील तर कुठलं करवंद ते आधी विचारून घ्या. मी एकदा एका रोपवाटिकेतून करवंद म्हणून दहा आणली. तिसऱ्या वर्षी फळं लागली ती गुलाबी-पांढरी, दिसायला सुरेख आणि खायला आंबट ढोण. लोणच्याला आणि त्या केकवरच्या लाल चेरीला ती उत्तम. पण पोरांना काळी मैना दाखवून आणलं आणि हे दिलं तर पोरं काय म्हणतील? दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड नावाची जात आहे, फळ मोठं. वईच्या कडेला दोन-चार तशी असावीत, बाकी वई रानातल्याच बियांची.

लावणी दुसऱ्या वर्षीच्या मिरगाला. म्हणजे बी पेरल्यापासून साधारण वर्षानं. रोहिणीच्या एखाद-दुसऱ्या सरीला भुलून लावू नका, मध्ये पंधरा दिवस ऊन पडलं तर फुकट जातात. वईसाठी दोन रोपांत दोन फूट. गुरांचा जास्त त्रास असेल तर दुसरी ओळ, पहिलीच्या दोन रोपांच्या मध्ये येईल अशी, दीड फूट मागे. फळांसाठी वेगळं झाड लावायचं तर आठ-दहा फूट मोकळे ठेवा, ते चहूबाजूंनी पसरतं आणि मग आत हात जात नाही.

भेगेत लावताना पिशवी फाडून मातीचा गोळा तसाच आत सरकवायचा, भोवती चिऱ्याचे खडे आणि भुगा ठासायचा. चिरे तासताना जो लाल भुगा पडतो तो कुठल्याही बांधकामाच्या ठिकाणी फुकट मिळतो. तो घट्ट बसतो, पाणी धरत नाही. वर एक ओंजळ शेणखत, बस. रोप जमिनीच्या जरा वर राहिलं पाहिजे, खोलगट नको. मी पहिल्या वर्षी झाडाभोवती सुंदर आळी केली होती. गड्यानं ती बघून विचारलं, "खडपाक उदक कित्याक साठयता गो?" आता आळं उलटं करते, मध्ये उंचवटा, बाहेर उतार.

पहिला उन्हाळा मात्र सांभाळावा लागतो. जानेवारीपासून आठवड्याला एक तांब्या, संध्याकाळी. बुडाला वाळलेलं गवत आणि काजूचा पाला. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्याला एकदा, तिसऱ्यात नाही. शेळ्यांना कोवळी पानं आवडतात, काटे टणक व्हायच्या आधीच त्या शेंडा खुडतात. म्हणून पहिली दोन वर्षं रोपांभोवती मेलेल्या काट्यांची जुनी वई हवीच. मला याचं हसू येतं, वई वाचवायला वई. पण दोनच वर्षं.

आमच्या तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये सड्यावरचं गवत पेटलं. कोणी पेटवलं, कसं पेटलं, कळलं नाही. वरच्या बाजूची चौदा झाडं जळून नुसते काळे खुंट राहिले. मी ती उपटून टाकायला निघाले होते, कंटाळा केला म्हणून वाचली. जूनमध्ये बुडापासून तांबूस फुटवे आले, एकाला पाच-पाच, आणि आता वईचा तोच भाग सगळ्यात दाट आहे. म्हणून काही कोणी काडी लावू नये. पण जळालेलं करवंद एक पावसाळा तरी बघून मगच मेलं म्हणा. दसऱ्यानंतर वईच्या वरच्या अंगाला चार हात गवत कापून पट्टा मोकळा ठेवला की निम्मी काळजी मिटते.

छाटणीची चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली. हाताला वेळ असतो दिवाळीनंतर, त्यामुळे डिसेंबरात कोयता घेऊन वई सारखी केली. देखणी दिसली. त्या वर्षी फूल नाही, फळ नाही. करवंदाचं फूल फांदीच्या टोकाला येतं, आणि टोकं मी कापून टाकली होती. छाटायचं ते फळं संपल्यावर, पहिल्या पावसाच्या तोंडाला. म्हणजे पावसात नवी फूट येते, ती थंडीत जून होते, आणि शिमग्याच्या सुमाराला तिच्या टोकांवर फुलं. पांढरी, लांब नळीची, पाच पाकळ्या चक्रीसारख्या एका बाजूला कललेल्या. पहाटे मागचं दार उघडलं की जाईसारखा वास येतो. वईसाठी एवढं रोप लावलं तर वासाचं कोणी सांगितलं नव्हतं.

छाटताना पायात चपला नकोत, बूट हवेत. काटे जोडीनं असतात, काही टोकाला दुभंगलेले, रबरी चपलेतून आरपार जातात. हातमोज्यांचा उपयोग नाही. डाव्या हाताला गोणपाट गुंडाळायचं, फांदी त्यानं धरायची, उजव्या हातानं कोयता. काटा आत मोडला तर कुरतडत बसू नका, सुईनं नीट काढा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर घ्या.

रोगबीग फारसे नाहीत. अळ्या पानं खातात, हातानं वेचायच्या. मुंग्यांच्या रांगा चढताना दिसल्या तर पांढरा मावा शोधा, तो फांदीच्या बेचक्यात असतो. साबणाचं पाणी मारलं की जातो.

एक धोक्याची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. करवंद आणि कण्हेर एकाच कुळातली, दोन्हींना पांढरा चीक, दोन्ही बारमाही हिरवी, दोन्ही दगडधोंड्यांत तग धरणारी. हौसेनं काही लोक वईत मध्ये-मध्ये रंगाला कण्हेर नाहीतर पिवळी कण्हेर लावतात. ती विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीच्या बियांनी माणसं मेली आहेत. ज्या वईला हात घालून पोरं फळं खाणार, तिच्यात कण्हेर नको. गुरांनाही ती वाईट. रंगच हवा तर पिटकोळी लावा, तीही आपल्या कातळावरचीच.

फळं चौथ्या वर्षापासून मनाजोगी. एप्रिलमध्ये हिरवी काढायची ती लोणच्याला आणि मिठाला. मांयची रीत अशी: हिरवी करवंदं देठ मोडून मिठाच्या पाण्यात रात्रभर, म्हणजे चीक पाण्यावर येतो, भांड्याच्या कडेला दोऱ्यासारखा चिकटतो. सकाळी ते पाणी ओतायचं. मग पाट्यावर एकेक फळ वरवंट्यानं हलकंच ठेचायचं, फुटलं पाहिजे, चेंदा नको, आणि टोकानं बी उडवायचं. पुन्हा खडं मीठ घालून बरणीत, वर सपाट धोंडा. श्रावणात पेजेबरोबर. कच्च्या फळात घट्टपणा आणणारं द्रव्य भरपूर असतं, त्यामुळे जेली करणाऱ्यांनी पिकलेल्यात मूठभर हिरवी टाकावी. काळी फळं मे महिन्यात, मळबाचा पहिला पाऊस पडेपर्यंत. पाऊस लागला की फुटतात, अळ्या होतात. जास्त झाली तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाटे घालून जातात. मी दोनदा बसले, दुपारच्या आत घरी आले.

वई किती उपयोगी? गुरं थांबली, शेळ्या थांबल्या. डुकरं बुडातून उकरतात, तिथे चिरे रचावे लागले. माकडांना वई म्हणजे बसायला जागा.

छाटलेल्या फांद्या वाटेवर टाकू नका, अनवाणी माणसं जातात. मी त्या नव्या रोपांभोवती रचते, म्हणजे गेल्या वर्षीची वई या वर्षीच्या वईला राखते. सध्या वळचणीखाली चाळीस पिशव्या आहेत. त्यातल्या सहा शेजारच्या काकींच्या, त्यांनी नारळ ठेवलेल्या जाळीचंच बी मागून घेतलं आहे.